टांगलेल्या रेसरची सीट

सारंगखेड्याच्या बाजारात घोडं पारखावं तसा शहाद्यातला तो सायकलवाला गिऱ्हाइकाला पारखतो. पायांवरून एकदा नजर फिरवतो आणि न विचारता सीट मापाला लावतो.

थंडीपावसात चालवायला मला बारीक टायरची रेसर आवडली होती. टायर आणि चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मध्ये त्याचं बोटही शिरेना. "भाऊ, हिन्हामा चिखल अडकस. हाई नका ल्या," म्हणत त्यानं तिची सीट पार खाली दाबली, तिला आकड्याला टांगलं आणि मला मडगार्डवाली, जाड टायरची दिली.

परवा दाट धुक्यात हवा भरायला थांबलो. तो टांगलेल्या रेसरची चाकं पुसत होता. टायरला तापीचा ओला गाळ.

"कोणी नेली होती?"

"कोनीच नही. धुकं पडनं का ती अशीच गाळमा भरस."

सीट वर आली होती. बरोबर माझ्या मापाला.