रॉकेटच्या दाराचा पंचनामा

"मशीन थांबीव! ए मशीनवाल्या, आदी मशीन थांबीव!"

तंबूच्या मधोमध तात्या उभे राहिले होते. त्यांचा पटका प्रोजेक्टरच्या झोतात आलेला. पडद्यावर रॉकेट दिसायचं तिथं नुसती पटक्याची सावली.

चालती फिल्म एकदम थांबवली तर दिव्याच्या धगीनं पेट घेते. हे तात्यांना काय माहीत! मी आधी दिव्यापुढची झडप पाडली, मग मोटार बंद केली. पडदा काळा झाला. शिट्ट्या सुरू झाल्या.

"त्यो मेला हुता!" तात्या गरजले. "मागल्या बाजारी समद्यांनी डोळ्यानं बघितलंय. रॉकेटचं दार बंद हुतं. गडी आत बेसुद पडला हुता. रॉकेट डोंगराव आदाळलं, जाळ झाला. आन् आज ह्यो दार उघडून छत्री धरून खाली उतरतुया? मदला तुकडा कुठं गेला?"

"कापला! मशीनवाल्यानं कापून इकला!" मागून कुणीतरी ओरडलं.

झालं. एका वाक्यात मी चोर ठरलो.

मी त्या वेळी टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. टुरिंग टॉकीज म्हणजे फिरतं थिएटर. तंबू, इंजिन, प्रोजेक्टर आणि पडदा ट्रकात घालून गावोगाव जायचं. सहा वर्षं मी दुसऱ्याच्या हाताखाली काढली होती. पुण्याला परीक्षा देऊन लायसन मिळवलं होतं आणि ते मी झोपतानाही खिशात ठेवत असे. स्वतःच्या जबाबदारीवर मशीन चालवायचं माझं ते पहिलंच वर्ष. मालक बारामतीचे. आम्ही त्यांना शेट म्हणायचो.

तंबू पडला होता अंथुर्ण्याला. पंचक्रोशीतली माणसं बैलगाड्या जुंपून यायची. त्यात शेळगावची जास्त. आणि माझी थोरली बहीण, अक्का, शेळगावातच दिलेली. तात्या तिचे चुलत सासरे. कालव्याखाली वांगी-टोमॅटोचा मळा, बोलणं रोखठोक. एरवी मला ते 'पाव्हणं' म्हणायचे. भेटले की कोपरीच्या खिशातून दोन कोवळी वांगी काढून द्यायचे. त्या संध्याकाळी मी 'मशीनवाल्या' झालो.

आता हे रॉकेट काय प्रकरण, ते सांगतो. शेटनी मुंबईहून एक जुनी इंग्रजी सीरियल आणली होती. सीरियल म्हणजे एकच गोष्ट बारा भागांत. दर बाजारच्या दिवशी एक भाग दाखवायचा आणि त्यानंतर मराठी पिक्चर. प्रत्येक भागाच्या शेवटी हीरो मरणाच्या दारात. का? तर लोकांनी पुढच्या बाजारी परत यावं.

हीरो अंगाला घट्ट कपडे घालायचा म्हणून लोक त्याला पैलवान म्हणत. दुसऱ्या ग्रहावरच्या राजाच्या डोक्यावर पत्र्याचा टोप होता, त्याचं नाव पडलं पिंपराव. भाषा इंग्रजी. मी मशीनशेजारी माइक धरून अर्थ सांगायचो. निम्मा अर्थ मला कळायचा, निम्मा मी लावायचो.

रॉकेट म्हणाल तर वीतभर खेळणं. डुगडुगत जायचं. मागचा धूर सरळ मागं न जाता चुलीच्या धुरासारखा वर चढायचा. एकदा तर वरची दोरीही दिसली. "दोरी दिसती रं!" म्हणून सगळा तंबू हसला, आणि पुढच्याच क्षणी त्याच रॉकेटसाठी श्वास रोखून बसला. ही त्या सीरियलची गंमत. हल्ली नातवाच्या टीव्हीवर रॉकेटला दोरी नसते. मग माणसानं शोधायचं काय, मला कळत नाही.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळीच अक्का आली. भाकरीचं फडकं माझ्यापुढं ठेवलं आणि उभीच राहिली.

"रघू, मी पाण्याला गेले की बायका बोलायच्या थांबत्यात," ती म्हणाली. "कापला असशील तर मला सांग, मी झाकीन. न्हाय तर मान वर करून गावाला सांग. मला ह्याच घरात जलम काढायचाय."

भाकरी तशीच राहिली.

आणि गंमत बघा, माझ्याविरुद्ध पुरावाही होता. फिल्म जुनी असली की तुटते. तुटली की फाटलेली कड कात्रीनं काढायची, टोकं खरवडायची आणि सिमेंटनं, म्हणजे फिल्म चिकटवायच्या औषधानं, जोडायची. कापलेल्या चार-दोन चौकटी, म्हणजे फिल्मवरची सुटी चित्रं, मी तंबूबाहेर फेकायचो. गावातली पोरं त्या गोळा करून उन्हात धरून बघायची. त्यामुळे 'मशीनवाला तुकडे कापतो' हे गावात सर्वांना ठाऊकच होतं. खोटं एवढंच, की तो दाराचा तुकडा मी कापला नव्हता.

दुपारच्या एसटीनं शेट आले.

"रघू, कापलंस?"

"नाही शेट."

"मग तो पठ्ठ्या जिवंत कसा?"

"शेट, ही सीरियलवाल्यांचीच लबाडी आहे. या भागात मारतात आणि पुढच्या भागात तोच प्रसंग बदलून दाखवतात. पाच माणसांसमोर रिळं उघडतो आणि दाखवतो."

शेटनी कपाळावर हात मारला. "वेडा का खुळा तू? गारुडी कधी स्वतःची टोपली उलटी करून दाखवतो का? एकदा गुपित फुटलं की कोण बघणार पुढचे सात भाग?"

"मग मी चोर राहू?"

"दोन दिवस ओरडतील, विसरतील."

"अक्काला विसरू देतील का?"

शेट थंडपणे म्हणाले, "कर तुझ्या मनासारखं. पण पुढच्या बाजारी तंबू रिकामा राहिला, तर बारामतीला तोंड दाखवू नकोस. दुसरा ऑपरेटर आणीन."

मी तसाच शेळगावला गेलो. मळ्यात तात्या वांगी तोडत होते. मान वर केली नाही.

"तात्या, उद्या दुपारी पाच पंच घेऊन तंबूत या. फिल्मचा पंचनामा करू. तुकडा कापलेला निघाला, तर माझं लायसन तुमच्यासमोर फाडतो."

तात्यांनी हातातलं वांगं पाटीत टाकलं. "येतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या बाजूची कनात मी वर गुंडाळून ठेवली. पंच आले, घोंगडीवर बसले. मी आधी सांगितलं, विड्या-काड्या बाहेर ठेवा.

"हितं काय रॉकेल सांडलंय व्हय?" तात्यांनी विचारलं.

मी एक टाकाऊ तुकडा घेतला, लांब मोकळ्यावर नेला आणि काडी लावली. भस्सकन जाळ झाला, हाताशी राखसुद्धा उरली नाही. तात्यांनी मुकाट्यानं काडीपेटी तर बाहेर ठेवलीच, शेजारच्याच्या कानावरची विडीही काढून नेली.

मग मी चौथ्या भागाचं शेवटचं रिळ रिवाइंडरवर लावलं. रिवाइंडर म्हणजे हातानं रिळ फिरवायचा रहाट. तात्यांना जवळ बसवलं.

"तात्या, फिल्म कापली की जोड द्यावा लागतो. जोडाला जाडी येते. तुम्ही कडेवर बोट ठेवा, मी फिरवतो. जोड आला की बोट सांगेल."

तात्यांनी बोट धोतराला पुसलं आणि ठेवलं. मी हळूहळू फिरवू लागलो. रहाटाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

"थांब! हितं हाय!"

त्या रिळात जोड असल्याचं मला आठवत नव्हतं. पंच पुढं सरकले. एकानं दुसऱ्याकडं बघितलं.

मी फिल्म उन्हात धरली. जोड जुना, पिवळा पडलेला. माझ्या आधी कुठल्या तरी गावच्या ऑपरेटरनं दिलेला. पण हे मी सांगून कोण ऐकणार? म्हटलं, "तात्या, तुम्हीच बघा. जोडाच्या अलीकडं कोण, पलीकडं कोण?"

तात्यांनी डोळे बारीक केले. रोपातलं तण निवडणारे ते डोळे. "अलीकडं पिंपराव खुर्चीव बसलाय. पलीकडं बी पिंपराव खुर्चीवच बसलाय."

"रॉकेट?"

"रॉकेट अजून उडालंच न्हाय." तात्या मागं सरकले. "पिंपरावाचं कायबी कापू दे. फिरीव म्होरं."

पुढं शेवटपर्यंत जोड नाही. मग पाचव्या भागाचं पहिलं रिळ. त्यातही नाही. तरी तात्यांचं समाधान होईना. "जोड न्हाय, ते खरं. पर मंग दार उघडलं कवा?"

"ते आता तुम्हीच सांगायचं."

मी उन्हात एक धुतलं धोतर अंथरलं आणि त्यावर चौथ्याचा शेवट आणि पाचव्याची सुरुवात शेजारीशेजारी ठेवली. तात्या एकेक चौकट बोटानं दाखवत निघाले. चौथ्यात पैलवान बेशुद्ध, दार बंद, लगेच डोंगर आणि जाळ. पाचव्यात पैलवान बेशुद्ध, दार बंद आणि मग तो डोळे उघडतो, दार उघडतो, उडी मारतो. मग तोच डोंगर. तोच जाळ.

तात्यांनी पाचव्यातला वाढीव भाग कोपरानं मोजला. एक, दोन, तीन... आठ हात.

ते पंचांकडं वळले.

"आरं, कापला असता तर फिल्म कमी भराया पायजे. हितं तर आठ हात जास्ती निगाली! चोर घर फोडून आत आठ हात कापड ठिवून जातो व्हय?"

पंचांनी माना हलवल्या.

"म्हंजी ही लबाडी तकडंच, सायबाच्या देशात झाली?" त्यांनी मला विचारलं.

"होय तात्या. प्रत्येक भागात असंच करतात. लोक आठवडाभरात विसरतात, या भरवशावर."

"आन् तितल्या लोकांनी कुनी धरलं न्हाय?"

"कुणी धरलं असेल तर मला माहीत नाही."

तात्या ताडकन उठले. पटका सारखा केला. मला वाटलं, आता तंबू उखडायला सांगतात.

"मंग शेळगावानं धरलं!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "सायबाची लबाडी शेळगावानं धरली! काय पाव्हणं, खरं का न्हाय?"

पाव्हणं! तो शब्द ऐकला आणि माझे डोळेच भरून आले. मी उगाच रिळ गुंडाळायला लागलो. तात्या तिथून घरी गेले नाहीत. आधी थेट आडावर गेले आणि पाणी भरणाऱ्या बायकांसमोर अक्काला मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, तुजा भाऊ सोन्यासारखा हाय. चूक माजी झाली." हे मला अक्कानं नंतर सांगितलं. सांगताना ती हसतही होती आणि रडतही होती.

राहिला शेटचा प्रश्न. गुपित फुटलं होतं. पुढच्या बाजारी शेट संध्याकाळपासून तंबूच्या दारात येरझाऱ्या घालत होते. माझ्याकडं बघत नव्हते.

दिवेलागण झाली आणि गाड्या यायला लागल्या. शेळगावच्या आल्या. मग इंदापूरकडच्या आल्या. मग पार कोऱ्हाळ्याची एक गाडी आली, पाहुण्यांकडून बातमी ऐकून. तंबूत जागा उरली नाही, लोक कनात वर करून उभे राहिले. शेट धावत माझ्याकडं आले. "रघू, हे काय रे?"

"चोर पकडायला आलेत, शेट."

पाचवा भाग मध्येच बंद पडला होता म्हणून तो मी पुन्हा पहिल्यापासून लावला. पैलवान दार उघडून उतरला तेव्हा टाळ्या पडल्या, जणू तात्यांनीच त्याला उतरवून घेतलं. शेवटी पिंपरावानं त्याला तळघरात बांधला आणि पाणी सोडलं. पाणी गळ्याशी आलं आणि भाग संपला. तात्या उठले, यावेळी झोताच्या बाजूला सरकून.

"समद्यांनी ध्यानात ठिवा! हात मागं बांदल्यात. दार बंद. बुटात काय न्हाय. पाणी गळ्याला!"

"ठिवलं!" सगळा तंबू एका आवाजात.

पुढच्या बाजारी पैलवानानं पाण्यात बुटातून सुरी काढली. आणि असा गलका झाला म्हणता! "पंचनामा! पंचनामा!" माणसं उभी राहून नाचत होती. कुणी चिडलं नव्हतं. लबाडी सापडल्याचा आनंद पैलवान वाचल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता. आणि पैलवान वाचलेला हवाच होता, हेही तितकंच खरं. मी माइकवर अर्थ सांगायचं सोडून दिलं. कुणाला तो नकोच होता.

बारावा भाग होईपर्यंत एकही बाजार तंबू रिकामा गेला नाही. शेटनी मला काढलं तर नाहीच, उलट ती सीरियल पुढं इंदापूरला लावली. तिथंही शेळगावची दोन गाड्या माणसं आली, नव्या लोकांना लबाड्या दाखवायला.

शेवटच्या भागात पैलवान पृथ्वीवर सुखरूप उतरला, पिंपराव मेला, अक्षरं आली. दिवे लागले तरी तात्या जागचे हलले नाहीत.

"म्होरं?"

"संपली तात्या."

"कशावरनं? पिंपराव मेला, पर टोप कुठं सापडला?" ते मिस्कील हसले. "पाव्हणं, शेवटचा तुकडा तुमी कापला न्हाय न्हवं?"

मी मशीनखालचा पत्र्याचा डबा काढून त्यांच्यापुढं ठेवला. पंचनाम्यापासून मी तुटलेल्या फिल्मची एकही चौकट बाहेर फेकली नव्हती. भागाचा नंबर आणि तारीख लिहून सगळं त्या डब्यात. तात्यांनी दिव्याखाली एकेक तुकडा बघितला, पुन्हा नीट आत ठेवला आणि खिशातून दोन वांगी काढून डब्याच्या झाकणावर ठेवली.

पुढं तीस वर्षं मशीन चालवलं. तंबू गेले, पक्की थिएटरं आली. प्रेक्षकाला काय आवडेल हे मला शेवटपर्यंत नेमकं सांगता आलं नाही. पण कापलेला तुकडा फेकायचा नाही, हा नियम मी एकदाही मोडला नाही.