गप्प केलेला स्कॅनर

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, बंद पडलेल्या कोळसाखाणींच्या कुशीत, व्हर्लीन शेफरचं घर आहे. तिचा नवरा ड्वाइट गावच्या अग्निशमन बंबावर बिनपगारी जातो. एकतीस वर्षं झाली, भोंगा वाजला की तो ताटावरून उठतो आणि व्हर्लीन फ्रीजवरच्या स्कॅनरला कान लावते. बंबावरची माणसं वायरलेसवर आपसांत जे बोलतात, ते त्या डबीतून घरात ऐकू येतं. काम आटोपलं की ड्वाइट आपल्या बंबाचा नंबर सांगून म्हणतो, "सतरा नंबर, परत निघालो." तेवढं ऐकलं की ती बटाटे चुलीवर चढवते.

त्या हिवाळ्यात लेकीनं आपला जुना कॉम्प्युटर आईला दिला. बंबवाल्यांच्या बायकांचं पाककृतींचं पुस्तक टाइप करायचं होतं. फार तापतो म्हणून दिरानं त्याचं पत्र्याचं झाकण काढून ठेवलं. पण तो सुरू झाला की स्कॅनर तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा चरचरायचा. स्कॅनरला खरखर दाबायची एक गोल कळ असते. चरचर थांबेपर्यंत व्हर्लीननं ती पिळली.

मंगळवारी दुपारी भोंगा झाला, ड्वाइट गेला. ती टाइप करत बसली. स्कॅनर गप्प. दोन तासांनी शेजारच्या नॉर्माचा फोन आला.

"ड्वाइट बरा आहे ना गं?"

"का? काय झालं?"

"पेटलेल्या गोठ्याचं छप्पर कोसळलं म्हणे, माणसं आत होती. तुझा स्कॅनर काय झोपलाय?"

व्हर्लीननं स्कॅनर हलवला, आपटला. बंबघरात फोन केला, कुणी उचलेना. कोट चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. खिडकीपासून दारापर्यंत किती फेऱ्या झाल्या देव जाणे.

संध्याकाळी ड्वाइट दारात उभा राहिला. भुवया जळलेल्या, बाकी धड.

"बटाटे?"

तिनं त्याच्या छातीवर बुक्की मारली. "मेला असतास तरी मला कळलं नसतं."

"दोनदा बोललो, परत निघालो म्हणून. तू ऐकत नाहीस, त्याला मी काय करू?"

रात्री तो घोरू लागला. तिचा डोळा लागला नाही.

सकाळी तिनं म्हाताऱ्या क्लाइडला बोलावलं. जन्मभर वायरलेस हाताळलेला माणूस. त्यानं खिशातला आपला छोटा स्कॅनर हातात घेऊन डॉक्टरसारखा कॉम्प्युटरच्या वायरींवरून फिरवला.

"पोरी, आजारी स्कॅनर नाही. बोंबलतोय हा उघडा कॉम्प्युटर, झाकण नाही म्हणून त्याची बोंब स्कॅनरला ऐकू येते. आणि चरचर अडवायला तू कळ पिळून दार इतकं गच्च लावलंस, की लांबून येणारा नवराही बाहेरच राहिला."

"तुम्हाला हसू येतंय, क्लाइड. मी काल अर्धी मेले."

"म्हणून तर आलो. झाकण कुठंय?"

झाकण कोंबड्यांच्या खुराड्यावर सापडलं. सगळे स्क्रू घट्ट बसले. वायरींवर चरचर शोषणारी काळ्या लोहचुंबकी मातीची कडी चढली. स्कॅनरची अँटेना जाड केबलनं ओसरीच्या टोकाला गेली. चरचर उतरली, तरी एक बारीक सुस्कारा राहिलाच. कळ मात्र व्हर्लीननं सैल सोडली.

"एवढं कानाला खुपणार नाही?" क्लाइडनं विचारलं.

"खुपू दे."

शनिवारी भोंगा झाला. ती पुस्तकासाठी सफरचंदाच्या पोळीची कृती टाइप करत होती, पण एका जागी बसवेना. कळ सैलच आहे ना, हे तीनदा हात लावून पाहिलं. पाऊण तासानं त्या सुस्काऱ्याच्या आडून, दरीच्या तळातून आल्यासारखा, पुसट आवाज आला, "सतरा नंबर, परत..."

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. बटाटे चढले.

ड्वाइटनं पहिला घास घेतला. "कच्चे आहेत."

"लवकर आलास तू," व्हर्लीन म्हणाली, आणि त्याचं ताट पुन्हा चुलीकडे नेलं.