पापणीचा डॉक्टर

आमचा डॉक्टर समोरच्याला रामराम करायच्या आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढायचा. अंगठ्याने, न विचारता. आत लाल दिसलं तर पाठीवर थाप मारून सोडून द्यायचा. पांढरं दिसलं तर त्याच अंगठ्याने कपाळावर आडवी रेघ ओढायचा आणि म्हणायचा, "ह्याला बाजूला काढा." तो अंगठा त्याआधी कुठे कुठे फिरून आलेला असे, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टर म्हणजे आमच्या भागातला मेंढपाळ. दीडशे मेंढरं, दोन घोडी, एक चावरं कुत्रं आणि बायको एवढा त्याचा दवाखाना. खतासाठी ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याच्या रानात त्याचं बिऱ्हाड. कधी झरीच्या शिवारात, कधी पिंगळीकडे. गावाने त्याला थट्टेने डॉक्टर म्हणायला सुरुवात केली होती. मग बायको आपोआप डॉक्टरीणबाई झाली. खरं नाव मतदानाच्या दिवशीच ऐकू यायचं, आणि त्या दिवशी तो स्वतःही जरा उशिराच 'ओ' द्यायचा.

पापणीची विद्या मेंढरांची होती. मेंढराच्या पोटात जंत झाले की ते रक्त पितात आणि पापणी आतून पांढरी पडते. अशा मेंढराच्या कपाळाला डॉक्टर गेरू फासायचा, त्याला कळपातून वेगळं करायचा, औषध पाजायचा आणि पापणी लाल होईपर्यंत परत मिसळू द्यायचा नाही. "सगळ्या कळपाला एकच औषिद पाजतो तो गडी आळशी आसतो," असं तो माझ्या दुकानाच्या फळीला टेकून, गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा.

हे मला लागायचं, कारण झरीत माझं औषधाचं दुकान आहे आणि मी नेमकं तेच करत होतो. माझी पदविका काउंटरमागे काचेत लावलेली आहे. तिच्याखाली उभं राहून मी वर्षानुवर्षं पुड्या बांधल्या. माणूस यायचा, म्हणायचा, "अंग मोडून आलंय." मी कागदाच्या पुडीत एक पांढरी, एक पिवळी, एक लाल गोळी घालून द्यायचो. कंबर दुखली तरी तीच पुडी, ताप आला तरी तीच. पुडीत काय आहे हे मी कधी सांगितलं नाही आणि कुणी कधी विचारलं नाही. फार तर एखादा म्हणायचा, "मागच्या बारीला लाल जरा मोठी होती बघा." मग मी मोठी लाल द्यायचो. त्याला बरं वाटायचं, कारण ताप तिसऱ्या दिवशी तसाही उतरणार असतो. या धंद्याला आम्ही दोन्ही बाजूंनी विश्वास म्हणत होतो.

अशा ठिकाणी डॉक्टर मेंढरांचं जंताचं औषध न्यायला यायचा आणि फुकट ओपीडी चालवायचा. गावातले एक पुढारी छातीत जळजळ होते म्हणून माझ्याकडून बाटलीवर बाटली नेत होते. डॉक्टरने एकदा त्यांची पापणी ओढली, पोटावर टिचकी मारली आणि विचारलं, "काल कुनाच्या लग्नात व्हता?"

"पावण्यांच्या. का?"

"परवा?"

"परवा बी एक होतं."

"कोवळ्या ज्वारीत घुसलेलं मेंढरू आसंच फुगतंय. त्याला बाटली पाजत न्हाईत आमी, आधी ज्वारीतून हाकलतो." दुकान हसलं. पुढारी बाटली न घेता निघून गेले. मी दातओठ खात हसलो.

त्याचं बरोबर यायचं, हेच मला सहन होत नव्हतं. माझी बायको तेव्हा दिवसभर थकलेली असायची. जिना चढली की धाप लागायची, मध्येच बसून घ्यायची. मी औषधवाला, मी तिला ताकदीचं टॉनिक देत होतो आणि मनात म्हणत होतो, कामाचा कंटाळा आलाय हिला. एकदा ती डबा घेऊन दुकानात आली आणि डॉक्टरने आपल्या रीतीप्रमाणे अंगठा पुढे केला. मी ओरडणार तेवढ्यात तो म्हणाला, "शेट, वहिनीच्या अंगात रगत न्हाई. पार चुन्यावानी हाय आतून." अंगठा काढून तो माझ्याकडे वळला. "माणसाला नुसतं जंतानंच व्हतंय आसं न्हाई. कुठून जायलंय ते बघा."

मी त्याला म्हणालो, "डॉक्टर, ही मेंढी नाही."

"न्हाईच. मेंढी आसती तर तुमी कव्हाच बघितलं आसतं."

परभणीला नेलं. रक्त इतकं कमी निघालं, की तपासणाऱ्या बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग कागदाकडे. बायकोला महिन्याच्या महिन्याला खूप रक्तस्राव होत होता. गर्भाशयात गाठ होती. तिने मला ते दोनदा सांगितलं होतं. मी 'होतं असं' म्हणालो होतो. रक्त चढवलं, गाठीवर इलाज झाला, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही, हे त्या बाईंनी माझ्या बायकोला माझ्यासमोर समजावून सांगितलं. माझ्या दुकानात मी ती गोळी किती वर्षं विकत होतो, आणि समोरच्या हॉटेलातला चहा मीच मागवून देत होतो, "घ्या, इथंच घेऊन टाका" म्हणत.

उपकार झाले की माणूस उपकार करणाऱ्यावर जरा खार खाऊ लागतो. मी खाऊ लागलो.

त्याच सुमारास मी रक्तदाब मोजायचं नवं यंत्र घेतलं. ते काउंटरवर ठेवलं की दुकानाला वजन येतं. येईल त्याच्या दंडाला पट्टी बांधत होतो. डॉक्टरच्याही बांधली. एकशेनव्वद आणि एकशेदहा. दुसऱ्यांदा बांधली, पुन्हा तेच. मी खरंच घाबरलो आणि त्याला परभणीच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी रोजची एक गोळी लावून दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि बजावलं, की ही गोळी मनाने सोडायची नाही.

आमच्या डॉक्टरला हे मान्य नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, दिवसाला दहा कोस चालत होता. माझ्या दुकानातल्या आरशासमोर उभं राहून त्याने स्वतःची पापणी ओढली. "लाल हाय की. मंग बिमारी हाय कुठं?"

"ती पापणीत दिसत नाही, डॉक्टर."

"जी दिसत न्हाई ती बिमारी कशाची? ती तर तुमच्या पट्टीच्या डब्यातली बिमारी झाली."

तरीही तो तीन महिने गोळ्या खात होता, कारण डॉक्टरीणबाई सकाळी पहिल्या भाकरीवर गोळी ठेवायची आणि गोळी उचलल्याशिवाय कालवण वाढायची नाही. "मेंढरं तरी बरी," ती म्हणायची, "पाजताना चार लाथा मारत्यात, पर भाषण करत न्हाईत."

आता ज्या दिवसाचं सांगायचं आहे तो बाजाराचा दिवस होता. दुकानासमोर लांब रांग. एका म्हाताऱ्याला मी ताकदीची मोठी बाटली देत होतो. तेवढ्यात डॉक्टर आत घुसला, म्हाताऱ्याची पापणी ओढली आणि म्हणाला, "हे लाल हाय, बाबा. बाटली ठिव माघारी. ह्या पैशाचं दूध पी." म्हाताऱ्याने बाटली ठेवली. त्याच्या मागच्या दोघांनीही ठेवल्या.

मग डॉक्टरने दंड पुढे केला. "बघा माझं."

मी पट्टी बांधली. एकशेतीस, ऐंशी. "नॉर्मल आहे," मी म्हणालो.

"म्हंजी गेली?"

"नॉर्मल आहे म्हटलं ना."

"मंग गोळी कामून खायची आता? बरं झालेल्या मेंढराला मी पाजत न्हाई."

इथे मला दोनच वाक्यं बोलायची होती. आकडा खाली आहे तो गोळीमुळे आहे. गोळी सोडली की तो पुन्हा वर जाणार. पदविकेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात हे. पण त्या तीन परत आलेल्या बाटल्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी रांगेकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "डॉक्टर तुम्ही आहात. तुम्हीच ठरवा."

रांग खदखदून हसली. तोही हसला. मला वाटलं, बरोबर बसला टोला.

पुढे दोन-अडीच महिने तो आलाच नाही. मेंढरं पिंगळीकडे बसवली होती. तिथेच एका सकाळी त्याच्या हातातली काठी गळून पडली. उचलायला वाकला तो वाकलाच. तोंड एका बाजूला गेलं, उजवा हात-पाय गेला. लोक जमले आणि सगळ्यांचं लगेच एकमत झालं, की अंगावरून वारं गेलं. कुणी ऊब द्या म्हणालं. कुणी कबुतरं आणली. त्यांच्या रक्ताने त्याचं अंग चोळलं. कबुतरं मेली, बाकी काही झालं नाही. एकाने गावोगाव फिरणाऱ्या वैद्याचा पत्ता दिला, त्याला शोधण्यात एक दिवस गेला. परभणीला नेलं तेव्हा दुसरा दिवस मावळला होता. मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली होती. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. गावाने मान डोलावली आणि पुन्हा वाऱ्याबद्दल बोलायला लागलं. मी त्यांना हसायला मोकळा नाही. त्यांनी कबुतरं मारली, मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर पायरीवर बसली होती. मी विचारलं, "गोळी कधी सोडली होती?"

"बाजाराच्या दिशी. तुमच्याकडून आल्यावर." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "लय खूश व्हता त्या दिशी. भाकर खाताना म्हनला, आज शेटनं चारचौघात मला डॉक्टर मानलं. तूच ठरव म्हनला. मी गोळी ठिवली तर म्हनला, डॉक्टर कोन हाय, तू का मी?"

मी तिच्याशेजारी बसलो. पाणी आणून देऊ का विचारलं. ती म्हणाली, "पिलंय."

या सगळ्यात एक गोष्ट मला उशिरा सुचली, आणि ती त्याचीच होती. दरवर्षी पाऊस लागायच्या आधी तो मेंढरांना लस टोचून घ्यायचा. धडधाकट, उड्या मारणाऱ्या मेंढरांना. एकदा मीच त्याला डिवचलं होतं, "आजारी नाहीत तर टोचता कशाला?" तो म्हणाला होता, "चांगलं हाय तव्हाच टोचायचं आसतंय. पडल्यावर टोचत न्हाईत, पडल्यावर खड्डा खंदत्यात." एवढं एक वाक्य त्या बाजाराच्या दिवशी त्याचं त्याला परत केलं असतं तर त्याला लगेच पटलं असतं. मेंढरांच्या भाषेत सांगितलेलं त्याने कधी नाकारलं नव्हतं. मला माझा टोला जास्त आवडला.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी तो गेला. मेंढरांची लस त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईने टोचून घेतली. सुतक आहे, थांब, असं भावकीने म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "रोगाला सुतक न्हाई." माझ्या दुकानात आता पुडी बंद आहे. धंदा कमी झाला आहे आणि लोक म्हणतात, मेडिकलवाल्याच्या हाताला पहिल्यासारखा गुण राहिला नाही. रक्तदाबाची गोळी नेणाऱ्याला मी मेंढरांच्या लशीची गोष्ट सांगतो. निम्मे ऐकतात, निम्म्यांना घाई असते. घाई असलेल्यांचा मी हात धरून ठेवतो.

शेवटची भेट सांगायची राहिली. दवाखान्यातून आणून त्याला गावातल्या खोलीत ठेवलं होतं. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं. नुसता घशातून आवाज यायचा. मी त्याच्या बाजेजवळ जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. तो नॉर्मलचा आकडा, त्या तीन बाटल्या, रांगेकडे बघत बोललेलं वाक्य. डॉक्टर मानलं नव्हतं, थट्टा केली होती, हेही सांगितलं. ते सांगायला नको होतं, असं आता वाटतं. त्याच्याजवळ तेवढाच एक आनंद होता, तोही मी माझं ओझं हलकं करायला घेतला.

 त्याने डावा हात उचलला, हळूहळू माझ्या तोंडाजवळ आणला.  त्याने माझी पापणी ओढली आणि इतका वेळ बघितलं, की माझ्या डोळ्यातून पाणी आलं. पापणी लालच असणार. मला काही झालेलं नव्हतं.

मग त्याने तोच ओला अंगठा माझ्या कपाळावर ठेवला आणि आडवी रेघ ओढली.

दारातून डॉक्टरीणबाईने विचारलं, "काय म्हनायलेत?"

"काही नाही," मी म्हणालो. "मला बाजूला काढलंय."

ती आत आली, त्याचा हात उचलून गोधडीत ठेवला आणि मला म्हणाली, "मंग बसा थोडा वेळ. बरं करायलाच काढत्यात बाजूला."