अण्णांच्या ऑफिसचं कुलूप

पोरांसाठी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीचा मालक गेला, तर त्याच्यासाठी रडायचं की नाही, सांगा? आमचे अण्णा गेले तेव्हा शाहूपुरीतल्या चहावाल्यानं मला तोंडावर ऐकवलं, "खेळण्यावालं गेलं म्हणून एवढं तोंड पाडून बसलायस व्हय?" त्या दिवशी मी चहा तसाच ठेवून उठलो. आज सांगतो, हो, रडायचं. आणि रडून झाल्यावर काय करायचं, ते मला ज्यानं शिकवलं त्याची ही हकिकत.

मी मंगळवार पेठेतला, पत्रकांवर वाढलेला. दारू, हुंडा, अंधश्रद्धा, सगळ्यांविरुद्धची पत्रकं वडिलांबरोबर वाटत लहानाचा मोठा झालो. अण्णांच्या ऑफिसात पहिल्यांदा गेलो तेही व्हिडिओ गेमच्या विरोधातलं पत्रक घेऊनच. त्यांनी ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "झ्याक लिहितोस की. मग चांगला खेळ कसा असावा, तेबी लिही." दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याकडे कामाला.

मोबाइलवरचे खेळ नुकतेच आले होते. आम्ही कुस्तीचा खेळ करत होतो. अण्णांची अट एकच होती: आपल्या खेळात कुणी मरणार नाही. हरलेला पैलवान उठेल, अंगावरची माती झटकेल आणि जिंकणाऱ्याच्या हातात हात देईल. तेवढं शेवटचं दृश्य त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. ते अर्धवट सोडून एका सकाळी ते हृदयविकारानं गेले. लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. मांडी घातलेली, तळहातावर रोज गळ्यात असायचं ते इष्टलिंग. रोज कॉम्प्युटर, म्हणजे आमचं मशीन, सुरू करण्याआधी ते ऑफिसात असेच बसायचे.

आम्ही तिघं कामगार मूळचे शेतकरी घरांतले, लिंगायत कुणीच नाही. आमच्यात माणूस गेला की तेराव्यापर्यंत सुतक. अण्णा म्हणजे घरचेच. मग आम्ही ऑफिसला कुलूप घातलं आणि मशीनला हात लावायचा नाही असं ठरवलं. सुतकाविरुद्धची पत्रकं मी स्वतः वाटली होती, पण दुःखात तेच आधाराला धरलं. खेळ विकत घेणारी पुण्याची कंपनी त्याची वाट बघत होती. तेराव्यापर्यंत थांबलो असतो तर तिनं दुसऱ्याचा घेतला असता आणि आमच्या कंपनीचा तिथंच शेवट झाला असता. हे तिघांनाही ठाऊक होतं. तरी आम्ही रोज येऊन बंद दारासमोर जिन्यात बसायचो. अण्णांचा देव एवढा जवळचा होता, तर त्यानं हे असं मध्येच का सोडलं, हा राग माझ्या मनातून जात नव्हता.

एका दुपारी जिन्यावरून एक म्हातारा जंगम, लिंगायतांचा पुरोहित, वर आला. कपाळभर विभूती, खांद्याला झोळी. अण्णांचं ऑफिस हेच का, म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं, ते वारले, सुतक आहे, म्हणून बंद आहे. त्यानं कुलपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लिंग बांधलेल्याला कसलं सुतक, पावणं? आमच्यात ते नसतंयच. त्यो आपलं कायक करत गेला आणि तुम्ही त्येच कुलपात घातलंय."

त्यांच्यात कामालाच कायक म्हणतात, पूजेच्या बरोबरीचं. अण्णांच्या तोंडून हा शब्द मी कितीदा तरी ऐकला होता. माझ्या हातांनी आपोआप कुलूप काढलं. जंगमानं अण्णांच्या मशीनला विभूतीचं बोट लावलं, घोटभर पाणी घेतलं. आयुष्यात कुणापुढं न वाकलेला मी त्या जंगमांच्या पायाशी वाकायला गेलो, तर म्हणाले, "पाया पडत बसू नको. बस कामाला." आणि निघून गेले.

ते शेवटचं दृश्य आम्ही पुरं केलं. खेळ वेळेत पुण्याला पोचला, आमची कंपनी टिकली. अण्णांच्या पत्नीला, अक्कांना, मी त्या जंगमाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "आम्ही कुणाला धाडलं न्हाय. आणि सुतक हाय का न्हाय, हे तुम्ही इचारायचं तरी की मला." ते कोण होते, मी शोधलं नाही. त्यावर वाद घालायचीही मला गरज वाटत नाही. देवाला शरण जाणं म्हणजे नुसतं हात जोडून थांबणं, असं मी समजत होतो; काम करणंही शरण जाणंच, हे त्या दुपारी कळलं. आता मी रोज सकाळी अण्णांच्या खुर्चीत क्षणभर डोळे मिटतो, त्यांचे आणि त्या पावण्याचे आभार मानतो आणि मशीन सुरू करतो.

तुमचंही असं कुणी गेलं असेल. त्यांच्या दुकानाचं, कारखान्याचं, शाळेचं दार अजून बंद असेल, तर आजच तिथं जा. कुलूप काढा. त्यांनी अर्धवट ठेवलेलं काम बघा, आणि ते हातात घ्या.