कार्बोरेटरचा थेंब आणि माझे साडभाऊ

समस्त पांढुर्णेकर, सौंसरकर आणि मधल्या रस्त्यावरच्या सर्व चहाटपरीवाल्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, माझ्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत होते आणि त्यामुळे एका घराण्याची शांतता धोक्यात आली होती. घराणे माझ्या सासऱ्यांचे. शांतता माझी.

ही मोटारसायकल वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. सासऱ्यांनी तरुणपणी घेतलेली, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर थोरला जावई म्हणून माझ्या हवाली केलेली. धाकटे जावई, म्हणजे माझे साडभाऊ, सौंसरला मोटारपंप दुरुस्त करतात. त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो, फक्त दात आवळून. मागच्या वेळी गळती लागली तेव्हा त्यांनी पेचकसाच्या मुठीने कार्बोरेटरवर दोन टिचक्या मारल्या आणि थेंब थांबले. त्याआधी महिनाभर मी त्याच जागी, त्याच पेचकसाने टिचक्या मारत होतो. माझ्याकडे त्या कार्बोरेटरने ढुंकून पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी सासरे बोलून गेले, "जवाईबापू, पुढच्या बारीले गळली तर गाडी सौंसरलेच राहू द्या. तिथं तिले पाहणारा आहे."

म्हणजे आम्ही तिला इतकी वर्षं डोळे मिटून चालवत होतो!

अधिक महिन्यात दोघा जावयांना लोधीखेड्याला, सासुरवाडीला, जेवणाचं बोलावणं आलं. गाडी कोरडी नेली तर माझी, नाहीतर साडभाऊंची, इतका सरळ हिशेब होता. बायको आधीच माहेरी गेली होती, म्हणून तिच्या चांगल्या परातीत मी कार्बोरेटर उघडला. आतल्या वाटीत पितळेचा एक पोकळ गोळा असतो. पेट्रोलवर तो तरंगतो आणि वाटी भरली की येणारं पेट्रोल अडवतो. मी तो कढत पाण्यात बुडवला तर त्यातून बारीक बुडबुडे निघाले. भोक! परातीसमोर मी एकटाच नाचलो. साडभाऊंना नुसत्या टिचक्या येतात, रोग मी शोधला होता.

आतलं पेट्रोल निथळून, दोन दिवस उन्हात वाळवून तो गोळा मी आमच्या पांढुर्ण्याच्या सोनाराकडे नेला.

"आतापर्यंत नथा सांधल्या जी," तो म्हणाला, "गाडीचा दागिना पहिल्यांदाच सांधून राहिलो."

त्याने भोकावर कथलाचा इवलासा डाग लावला. मला तो फारच गरीब वाटला.

"अजून लावा."

"बस आहे ना जी एवढा."

"लावा हो. साडभाऊंना लांबून दिसला पाहिजे."

त्याने लावला. ठसठशीत.

जेवणाच्या दिवशी सौंसरला चहाला थांबलो तर उजवा बूट ओला. गळती दुप्पट झाली होती. जास्तीच्या डागाने जड झालेला तो गोळा आता तरंगायचं सोडून तळाशी बसला होता. तिथे, साडभाऊंच्याच गावात, त्यांच्याच हसण्याचा आवाज माझ्या कानात घुमला आणि मला एक नीच युक्ती सुचली. लोधीखेडा जवळ येताच मी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला. वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी चालत राहिली आणि सासऱ्यांच्या दारात येऊन अलगद बंद पडली. मी मुद्दामच बंद केली अशा थाटात उतरलो, गाडीखाली पांढरा कागद अंथरला आणि म्हणालो, "बघा."

सगळ्यांनी पाहिलं. पुरणाच्या धोंड्यांवर तूप पडलं, जेवणं झाली, विडे झाले. कागद कोराच. साडभाऊ दोनदा वाकून बघून आले. काय सांगू, तूप त्या दिवशी मला जरा जास्तच गोड लागलं.

तेवढ्यात सासरे उठले. "छोटे जवाईबापू, काढा गाडी. मले संत्र्याच्या बगीच्यात एक चक्कर मारून आणा."

साडभाऊंनी किक मारली. एक, दोन, तीन. मग ते खाली बसले आणि त्यांचा हात टाकीखाली गेला. तिथेच थांबला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी छताचे वासे मोजू लागलो.

ते हात पुसत उठले. "माझ्यानं नाही होत मामाजी. हिले भाऊचीच सवय आहे. भाऊनं काम एक नंबर केलं, राहू द्या त्यांच्यापाशीच."

"ठरलं मग," सासरे म्हणाले. "गाडी पांढुर्ण्यालेच."

जिंकलो होतो! पण माझ्याकडे कोणी पाहतच नव्हतं.

"पाहा बाप्पा," सासूबाई गहिवरल्या, "कारागीर माणूस, पण हार कशी हसून मानली. मन किती मोठं!"

आणि माझी बायको, माझी स्वतःची बायको, मला म्हणाली, "शिका जरा त्यांच्यापासून."

साडभाऊ खाली मान घालून मंद हसत होते. ते हसू मला सोसवेना. गाडी गेली खड्ड्यात, असं मनात आलं आणि तोंडातून निघूनही गेलं:

"मोठं मन कायचं जी? कॉक बंद आहे तो! अन् मीच बंद केला!"