भिंगताईंची बोली

भिंगताईंनी तीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली. नोकरीतून त्या निवृत्त झाल्या, डोळा काही झाला नाही. भाजीवाल्याचा टोमॅटोसुद्धा उजेडात धरून बघत. नाव पडलं ते त्यावरून, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही.

त्यांची भाची एका स्टुडिओत कामाला होती. फोटो काढायची ती, खाली शिक्का मालकाचा. पण या खेपेला एका नाटक मंडळीने आपल्या प्रयोगाचे फोटो थेट तिला सांगितले होते. अडचण एवढीच, की रंगमंचावरच्या मंद उजेडात तिची लेन्स आंधळी. नवी परवडणारी नव्हती, म्हणजे ऑनलाइन लिलावातली जुनीच. आणि तिथं तर दुधानं तोंड पोळलेलं! मागच्या वेळी फोटोत लखलखीत दिसलेल्या लेन्सच्या पोटात बुरशी निघाली होती. "तू काउंटरच सांभाळ," असं मालक सगळ्यांदेखत म्हणाला होता. पुन्हा फसली, तर साठवलेले पैसे जाणार, नाटक जाणार आणि काउंटर मात्र जन्मभर राहणार.

"मावशी, ही बघ! निम्म्या किमतीत!"

"त्याला सांग, शेजारी लाकडी चमचा ठेवून फोटो पाठव."

"चमचा कशाला?"

"अगं, वस्तू त्याच्याकडे असेल तर चमचा ठेवायला किती वेळ लागतो?"

उत्तर लगेच आलं. गिऱ्हाइकं रांगेत आहेत, लिलाव सोडा, पैसे थेट खात्यात टाका, आजच धाडतो. भाचीचा जीव खालीवर व्हायला लागला.

"ज्याला चमचा सापडत नाही, त्याला पोस्ट ऑफिस कुठून सापडणार?" ताई म्हणाल्या. "साइटच्या बाहेर एक पै द्यायची नाही. उद्या बोंब मारायची तर कुणापुढे मारणार?"

दुसरा विक्रेता एक म्हातारा फोटोग्राफर होता. त्याचे फोटो गबाळे, पण चमच्यासकट आले. मागून टॉर्च मारून काढलेलाही एक होता. कडेला ओरखडा असल्याचं त्याने न विचारता कळवलं होतं. ताईंनी तो टॉर्चचा फोटो मोठा करून तासभर पाहिला. बुरशीचे धागे त्यांनी सूक्ष्मदर्शकांच्या काचांत ढिगाने पाहिले होते.

"नुसती धूळ आहे. धूळ म्हणजे पाहुणा, बुरशी म्हणजे भाडेकरू. पाहुणा चालेल."

लिलाव दुपारी संपणार होता. परवडेल ती शेवटची रक्कम ताईंनी सकाळीच ठरवून टाकली. संगणक तिथपर्यंत आपोआप बोली चढवणार होता. समोर कुणीतरी चिकट माणूस थोडं थोडं वाढवत राहिला.

"मावशी, अजून थोडे टाकू? हातची जाईल गं!"

"डोकं गरम असताना ठरवलेली किंमत आपली नसते. गेली तर दुसरी बघू."

म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनीही पडद्याला नाक लावलं होतं. ठरल्या रकमेच्या जेमतेम खाली बोली थांबली. लेन्स यांचीच! भाचीने मावशीला उचलून गरकन फिरवलं आणि ताईंचा चष्मा कपाटाखाली गेला.

पार्सल आलं, तेव्हा ताईंनी भाचीला मोबाईलवर चित्रण करायला लावून मगच चिकटपट्टी कापली, काही काळंबेरं निघालंच तर पुरावा असावा म्हणून. काही निघालं नाही. काच स्वच्छ होती, ओरखडाही सांगितला तिथंच होता.

प्रयोगाच्या दिवशी भाचीने कंदिलाच्या उजेडात उभ्या नायिकेचा असा फोटो टिपला, की मंडळीने तो माणसाएवढा मोठा करून नाट्यगृहाच्या दाराशी लावला. पुढची तीन नाटकंही तिलाच दिली. सोमवारी तिने मालकाच्या हातात राजीनामा ठेवला.

भिंगताई तो फोटो पाहायला गेल्या. सवयीने नाक टेकेपर्यंत जवळ गेल्या आणि खालच्या कोपऱ्यात थबकल्या. तिथं शिक्का नव्हता, भाचीचं नाव होतं. तिकिटाच्या रांगेतल्या अनोळखी बाईचा हात धरून त्या म्हणाल्या, "हे नाव वाचलंत का? माझी भाची आहे."