उलट्या चालणाऱ्या कॅसेटी

दुकान बंद केलं तेव्हा कपाटातून कोणीच न नेलेल्या कॅसेटी निघाल्या. किस्स्यांचंही तसंच असतं. ज्यांचे असतात ते परत न्यायला येत नाहीत, आणि आपल्याच्यानं टाकवत नाहीत!

लातुरात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. मी गल्ल्यावर, कॅमेरा इरफानभाईच्या खांद्यावर. मला एक वाक्य बोलायला वेळ लागतो, तेवढ्यात त्याची चार होतात. त्यामुळे या किस्स्यांत बोलणं त्याचंच जास्त.

*

भूकंपानंतर शांताबाई आली. ढिगाऱ्यातून निघालेली एक कॅसेट पदराखाली धरून. तिच्या पुतणीच्या लग्नाची, आम्हीच काढलेली.

"भाऊ, ह्यांचा एकबी फोटो ऱ्हायला न्हाई. पर ह्यात ते हायेत. पंगतीत वाढत होते. एकडाव तोंड बघू द्या त्यांचं."

कॅसेट पावसात भिजलेली. आत चिखल, वर बुरशी. मशीनला लावली असती तर तिथंच तुटली असती. मी म्हणालो, "आधी सुकू द्या."

इरफानभाईला तो माणूस आठवला. "मावशी, तुमचे मालक लई लाजरे. कॅमेरा वळला की पाठ करायचे! मला भाजी वाढली, तीबी तोंड तिकडं करून. निम्मी माझ्या पायावर!"

शांताबाई किती दिवसांनी हसली असेल कोण जाणे. "हाव, तसेच होते ते. पर एखाद्या टायमाला वळले असतीलच की!"

मग दर बाजारच्या दिवशी ती पत्र्याच्या शेडमधून यायची आणि दारातूनच विचारायची, "सुकली का, भाऊ?"

*

पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. फिजिक्सच्या एका सरांना लेक्चर कॅसेटवर हवं होतं, गैरहजर पोरांना दाखवायला. कोऱ्या कॅसेटी संपलेल्या. इरफानभाईनं कपाटातल्या पडून राहिलेल्या लग्नांवरच लेक्चरं भरून दिली. पण लेक्चर तासाभराचं आणि लग्न तीन तासांचं! सरांनी खडू खाली ठेवला की फळ्याच्या जागी हळद सुरू व्हायची, आणि मागोमाग करवल्यांचा नाच!

थोड्या दिवसांनी सर पेढे घेऊन आले. "काका, कमाल झाली! पोरं माझं लेक्चर शेवटपर्यंत बघतात. एक जण जागचा हलत नाही!"

इरफानभाईनं पेढा तोंडात टाकला. "सर, शेवट लई भारी घेता तुम्ही!"

*

एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या वसुधाताई एक दिवस दुकानात आल्या. "काका, तुमच्याकडची सगळ्यात खराब कॅसेट द्या."

इरफानभाई म्हणाला, "ताई, एवढ्या वर्षांत पहिलं गिऱ्हाईक, जे नाराज होऊन जाणार नाही!"

ताई व्हिडिओची चित्रं करायच्या. कॅसेटची कॉपी, त्या कॉपीची कॉपी, पुन्हा तिची कॉपी. दर वेळी चेहरे पुसट होत जायचे, रंग बाहेर सांडायचे, शेवटी नुसतं धुकं उरायचं. मी सवयीनं मशीनचं हेड पुसायला गेलो की ओरडायच्या, "काका, दुरुस्त करू नका! आत्ता कुठं छान बिघडलंय!"

*

माझा मेहुणा मुखेडकडचा. खराब कॅसेटींची टेप काढून तो ज्वारीच्या रानात ताणून बांधायचा. वाऱ्यावर ती घूं घूं वाजते, उन्हात चमकते, पाखरं बसत नाहीत. वसुधाताईंना हे कळलं, आणि त्या मला आणि कॅमेऱ्यासकट इरफानभाईला रानात घेऊन गेल्या.

मेहुण्यानं विचारलं, "दाजी, ह्या टेपीत कोण हाय?"

माझ्याआधी इरफानभाई बोलला, "लग्नातली मंडळी! स्वतः जेवून बसली, आता पाखरांना जेवू देईनात!"

बाजारच्या दिवशी दुकानात हे ऐकून शांताबाई मात्र घाबरली. "भाऊ, माझी न्हाई ना बांधली रानात?"

त्या दिवशी ताईंनी तिची कॅसेट पहिल्यांदा हातात घेतली.

*

मग रोज शाळा सुटली की ताई यायच्या आणि मऊ फडक्यानं ती टेप वीतवीत पुसायच्या. इरफानभाईनं चिडवलं, "ताई, तुमचा धंदा तर बिघडवायचा!"

"बिघडवायच्या त्या माझ्या. ही मावशींची आहे."

शेवटी कॅसेट लावली. लगेच कॉपीही करून घेतली, पुन्हा चालेल याचा भरवसा नव्हता. आडव्या रेघा, बर्फासारखे ठिपके, आणि त्यात हातात बादली घेतलेला, सदरा घातलेला माणूस. वाढत वाढत पंगतीच्या टोकाला गेला, गर्दीत शिरला, दिसेनासा झाला. एकदाही वळला नाही.

शांताबाई पदर सावरून उठली. "पाठ त्यांचीच हाय," एवढंच म्हणाली.

पुढच्या बाजारला ती आली नाही.

*

वसुधाताईंनी नांदेडला प्रदर्शन भरवलं. एका शाळेचा हॉल, मागून आणलेले चार टीव्ही. चित्रात रेघा बघून एक रिटायर्ड गृहस्थ उठले, टीव्हीवर दोन थापा मारल्या, मागची वायर हलवली. मी शरमलो. ताई मात्र खूश! "काका, कुणाच्या चित्राला लोक एवढी मदत करतात का?"

*

त्याच प्रदर्शनात इरफानभाई शांताबाईला एसटीनं घेऊन आला. ती यायला तयार नव्हती. "बघितलं की एकडाव," म्हणत होती. मी तिला चौथ्या टीव्हीसमोरच्या बाकावर बसवलं.

प्ले चालू असताना रिवाइंड दाबलं की चित्र उलटं चालतं. ताईंनी शांताबाईच्या कॅसेटमधलं लग्न तसं उलटं भरून घेतलं होतं. अक्षता डोक्यांवरून उडून लोकांच्या मुठीत जात होत्या. पानावरची भाजी पळीत, पळीतली बादलीत. आणि गर्दीतून एक पाठ बाहेर आली. एकेक पाऊल मागं टाकत, पंगतीमधून, जवळ, अजून जवळ.

"अगं बया," शांताबाई पुटपुटली, "यायलेत की!"

ताई हळूच म्हणाल्या, "मावशी, तोंड मात्र नाहीच दिसत."

"कसं दिसंल? रुसले की घरात असेच यायचे. पाठमोरे. मी हसले की मग वळायचे."

पाठ मोठी होत होत सगळा टीव्ही भरून गेली. शांताबाई त्या पाठीकडं बघून हसली, आणि बाकावर जरा सरकून बसली.